करडीचा पुढचा डावा पाय

प्रिय धाकट्या,

करडी आता बरी होत नाही. आज दुपारी डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. गेल्या आठवड्यात तिच्या पुढच्या डाव्या पायाचे एक्स-रे काढले होते. ते त्यांनी तबेल्याच्या खिडकीशी उजेडात धरले आणि आम्हाला एकेक हाड दाखवलं. खुराच्या वरच्या सांध्याची आतली बाजू पार झिजली आहे, हाडावर हाड घासतंय. औषधानं दुखणं दबत होतं तोवर दबलं, आता तेही होत नाही. रायडिंग स्कूलच्या बाईंनी एकदाच विचारलं, "दुसरा काहीच उपाय नाही?" डॉक्टर म्हणाले, "आहे, पण तो आपल्या समाधानासाठी. तिला त्याचा फक्त त्रास." शनिवारी सकाळी ते शेवटचं इंजेक्शन घेऊन येणार आहेत. हे तुला फोनवर सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी दोन वाक्यांपुढे मला बोलता आलं नसतं. म्हणून लिहितेय. आपले भुश्याच्या ट्रकवाले काका पहाटे तुझ्याच शहराकडे निघतायत, त्यांच्या हाती देते. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या कारखान्याच्या फाटकावर मिळेल.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती शाळेतल्या सगळ्यात भित्र्या मुलांना पाठीवर घेऊन गोल गोल चालायची. आता आठ दिवस झाले, ठाणातून बाहेर आलेली नाही. डावा पाय पुढे टाकून उभी असते, नुसता टेकवल्यासारखा, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे आणि हिला सांभाळायला दिलाय. खाणं मात्र सोडलेलं नाही. काल मी तिच्या गळ्याखाली खाजवत होते, तर बयेनं माझ्या ओढणीचं टोक चघळून टाकलं. आई गेली त्या वर्षी ती आली, आठवतं ना? कोवळी, लांब पायांची, आणि कुणी खुराला हात लावला की थरथरणारी. बाबांनी तिचा पाय तुझ्या मांडीवर ठेवला होता. तुला म्हणाले होते, "घट्ट धरू नकोस. घट्ट धरलं की तिला वाटतं काहीतरी वाईट होणारे." तू आयुष्यात धरलेला पहिला खूर तो. तोच, पुढचा डावा.

त्या दिवसांत आपल्याकडे हत्यारं तरी काय होती रे! आजोबांची सुरी, जी घासून घासून पेन्सिलीएवढी उरली होती. एक पक्कड, तिच्या जबड्याला धार असं काही नव्हतंच. खूर कापायची नाही, चावायची. कानस तर अशी की बाबा म्हणायचे, "हिच्यापेक्षा माझी जीभ खरखरीत." आणि घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून, कमरेत वाकून, दिवसभर. संध्याकाळी घरी आले की सरळ उभं राहता यायचं नाही, भिंतीला धरून चपला काढायचे. त्यात त्या लाल घोड्यानं लाथ मारल्यापासून त्यांचं उजवं कंबरडं कायमचं आखडलं, तेव्हापासून ते थोडे तिरपेच उभे राहायचे. आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बाप तिरपा असतो, एवढंच. गावातले लोक मात्र पैज लावून सांगायचे की बाबांनी ठोकलेली नाल मुदतीआधी निघत नाही, आणि ते खरं होतं. हाडाचे नालबंद होते. आहेत.

तू धंदा सोडून हत्यारांच्या कारखान्यात गेलास तेव्हा बाबा महिनाभर तुला "कारखानदार" म्हणत होते. तू म्हणाला होतास, घोडे माणसाळले, पण आपली हत्यारं अजून रानटीच आहेत. मला ते वाक्य फार आवडलं होतं, बाबांना मुळीच नाही. म्हणून तुझ्याकडून पहिलं खोकं आलं तेव्हा त्यांनी ते तीन दिवस उघडलंच नाही. चौथ्या दिवशी मी उघडलं. नवीन पोलादाची सुरी, लांब दांड्यांची पक्कड, कानस, आणि ती पाय टेकवायची घोडी. बाबा लांबूनच म्हणाले, "मोठे, ते परत पाठव. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणाऱ्यांसाठी असतात असल्या वस्तू." मी म्हटलं, "बरं. मग मी वापरते." तेवढंच पुरलं. मी त्या पक्कडीनं डोंगरावर पर्यटक नेणाऱ्या एका ट्रेकवाल्याच्या घोड्याचा वाढलेला खूर कापला आणि कट् असा एकच आवाज आला. बाबांचे कान टवकारले. "दे इकडं, तुला धरता येत नाही," म्हणाले, आणि त्यानंतर ती पक्कड मला आठवडाभर मिळाली नाही.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, पण सगळं सांगितलं नाही. बाबांना स्वतःच्या तोंडानं तुझं कौतुक करायचं नसायचं, आणि माझ्या तोंडून केलेलं त्यांना आवडायचं नाही. तुझ्या त्या घोडीवर घोड्याचा पाय आपसूक टेकायचा, त्यामुळे बाबांना ओझं पेलावं लागायचं नाही, आणि जनावरालाही ओढल्यासारखं वाटायचं नाही. ज्या घोड्यांना दोघांनी धरावं लागायचं ते उभ्याउभ्या डुलक्या काढायला लागले. तो टांगेवाल्याचा चावरा घोडा आठवतो? तो एकदा चक्क घोरला. बाबा म्हणाले, "घोड्याचा पाय घोडीवर, आणि नालबंद मजेत." सुरीची धार दिवसभर टिकायची, म्हणून तळवा हवा तेवढाच सोलला जायचा; पूर्वी बोथट सुरीनं जोर लावताना एखाद्या वेळी जास्त जाऊन रक्त यायचं, ते बंदच झालं. खिळे बारीक आणि सरळ, त्यामुळे खुराच्या कडा फुटेनाशा झाल्या. जुन्या भेगा वर्षभरात बुजल्या. आणि संध्याकाळी बाबा घरी आले की उभे राहून चपला काढायचे. एकदा मला म्हणाले, "तुझी आई असती तर तिला वाटलं असतं, मी काम न करताच आलोय." धाकट्या, त्यांचं इतकं चांगलं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साठी उलटल्यावर माणूस आपल्या धंद्यात नव्यानं चांगला होताना मी पाहिलाय, आणि ते तुझ्या खोक्यांमुळे झालं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेव.

मग तुझी ती पितळी पट्टी आली. तू स्वतः बनवलेली, म्हणून बाबांनी ती फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पाय उचलायचा, दांडी पायाच्या मधोमध टेकवायची, तिला काटकोनात जोडलेली आडवी पट्टी खुराच्या तळाला लावायची. ज्या बाजूला फट दिसेल, त्या बाजूचा खूर ठेंगणा. पोरासोरालाही कळेल इतकं सोपं. बाबांनी ती पहिल्यांदा लावली करडीलाच, कारण तिचे खूर म्हणजे त्यांचा नमुना. कुणी शिकायला आलं की तिचा पाय उचलून दाखवायचे. मी बाजूला नाल तापवत होते. पुढचा डावा पाय, बाहेरची कड, पट्टीखाली फट. बोटाचं टोक जाईल एवढी. बाबा हसले. म्हणाले, "कारखानदाराचा काटकोन चुकला." पट्टी उलटी करून लावली. पट्टी चुकली असती तर फट दुसऱ्या बाजूला गेली असती. गेली नाही. मग त्यांनी पुढचा उजवा पाय पाहिला, तिथे आतली कड ठेंगणी. मग पट्टी घेऊन शेजारच्या ठाणात गेले. मग पुढच्या. मी नाल भट्टीतून काढली आणि तशीच थंड होऊ दिली. त्या दिवशी त्यांनी तबेल्यातला एकेक घोडा पाहिला. कमी-जास्त, पण सगळ्यांना तेच. कानस उजव्या हातात, उजवं कंबरडं आखडलेलं, डोकं नेहमी एकाच बाजूला. हात एका कडेला जरासा जास्त जातो. जरासाच. दर दीड महिन्यानं, इतकी वर्षं.

त्या संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला आणि ते वाक्य बोलले. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. "तुझ्या पट्टीनं माझी जन्मभराची अब्रू काढली." एवढं बोलून फोन ठेवला. तू पुन्हा केलास, त्यांनी घेतला नाही. मग तूही करेनासा झालास. तुला वाटलं असणार, आपण त्यांना मोडलं. मी तुला समजावायला हवं होतं, पण मलाच तेव्हा काही समजत नव्हतं. मला वाटत होतं, आता ते पट्टी फेकून देतील आणि पुन्हा आजोबांची सुरी काढतील. तसं झालं असतं तर गोष्ट सोपी होती; म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून दोघांनी सोडून दिलं असतं.

तसं झालं नाही. जे झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण बाबांनी मला बजावलं होतं, "त्याला कळवू नकोस, त्याला वाटेल मी दया मागतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि ते ज्यांचे ज्यांचे घोडे त्यांच्या हाताखालून जातात त्या प्रत्येकाकडे गेले. मी गाडी चालवत होते. प्रत्येकाला तेच सांगितलं, उभ्यानंच: "माझ्या हाताला ढळ होता, एका कडेला जास्त जायचा. मला आत्ता कळलं. तुमच्या घोड्याचा पुढचा पाय मी हळूहळू सरळ करीन, दर खेपेला थोडाथोडा, कारण एकदम केलं तर हाडाला सोसायचं नाही. तुम्हाला दुसरा नालबंद बघायचा असेल तर माझी हरकत नाही." टांगेवाला म्हणाला, "काका, घोडा तर पळतोय झकास, तुम्ही कशाला उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय?" बाबा म्हणाले, "पाय त्याचा आहे, माझा नाही." ट्रेकवाल्याचा थोरला मुलगा मात्र फटकन बोलला, "मग इतकी वर्षं काय डोळे मिटून ठोकत होता?" मी काहीतरी उलट बोलणार होते, पण बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्याला म्हणाले, "डोळे उघडे होते, बाळा. दिसत नव्हतं." ट्रेकवाल्यांनी घोडे काढून घेतले. बाकीचे राहिले. गाडीत बसल्यावर बाबांनी दार ओढून लावलं. मग म्हणाले, "मोठे, अंगण सरळ होतं गं." मी गाडी बाजूला घेतली आणि तोंड वळवून बसले.

तेव्हापासून पट्टीशिवाय त्यांनी एकही पाय खाली ठेवलेला नाही. आता कानस मी चालवते. ते पट्टी लावतात आणि सांगतात, इथं थांब, इथं आणखी एक हात. ढळ माझ्या हातालाही आहे, त्यांच्याकडूनच आलेला. पट्टी आहे म्हणून तो दिसतो आणि तिथल्या तिथे निघतो. तरुण घोड्यांची चाल तीन-चार खेपांत बदलली. बाईंकडची ती काळी तरुण घोडी कधी नीट वळतच नव्हती. आम्हाला वाटायचं, हट्टी आहे. हट्टीबिट्टी काही नव्हती, तिला दुखत होतं. आता ती वळताना पाहिली की आनंद होतो, आणि त्याच क्षणी इतके दिवस ती दुखत वळत होती हे आठवतं. बाबांना ते जास्त आठवतं, मला दिसतं. चांगलं काम करून घरी येतात आणि जेवताना हात थांबतो. एकदा म्हणाले, "वरातीमागून घोडं." मी म्हटलं, "काळीसाठी तरी वेळेवर आलं ना?" म्हणाले, "हो. काळीसाठी आलं."

करडीचं मात्र काही सरळ करता आलं नाही. तिचं हाड त्या तिरक्या खुरावरच वाढलं, झिजलं आणि तसंच बसलं. दोनदा नखभर सरळ केलं तर जास्तच लंगडली. मग बाबांनी ठरवलं, हिला आहे तसंच ठेवायचं. म्हणजे बघ, बाकी सगळे घोडे पट्टीवर आणि हिच्या पायाला मात्र, उघड्या डोळ्यांनी, जाणून, तीच चूक पुन्हा पुन्हा करायची. आज डॉक्टर एक्स-रे पाकिटात घालत असताना बाबांनी त्यांना सरळच विचारलं, "हे माझ्यामुळे झालं का?" डॉक्टर तरुण आहेत, पण माणूस बरा. उगाच गोड बोलले नाहीत. म्हणाले, "काका, एवढ्या वयाच्या, एवढं काम केलेल्या घोड्याचे सांधे झिजतातच. तुमचा वाटा त्यात असेलही. पण किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं, हे उत्तर त्यांना लागेल. पण ते करडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले आणि डॉक्टरांना म्हणाले, "बरं झालं, खरं बोललात." त्यांना पूर्ण माफीही नको होती आणि पूर्ण शिक्षाही, असं मला वाटतं. हे जे अर्धवट आहे तेच आता त्यांना बाळगायचंय.

आता हे पत्र लिहायचं कारण. आपल्याकडे घोड्याला नालेसकट जाऊ देत नाहीत. जो ठोकतो त्यानंच उतरवायच्या, हे तुला मी सांगायला नको. मी बाबांना म्हटलं होतं, मी उतरवते. ते नाही म्हणाले. पण अडचण अशी आहे की तिचा पुढचा उजवा पाय उचलला की सगळा भार दुखऱ्या डाव्यावर येणार. आपल्या जुन्या हत्यारांनी ओढत, हिसके देत नाल काढायची झाली असती तर तिला तेवढा वेळ उभं करवलंच नसतं. आपण तसेच लाजेनं मान खाली घालून परत आलो असतो. तुझ्या त्या नवीन पक्कडीनं एका दमात नाल सुटते. तरी तो दम तिला काढावा लागेल, आणि तेवढ्यापुरतं कुणीतरी तिच्या डाव्या खांद्याला आपला खांदा लावून तिला तोलून धरायला हवं. डोकं मी धरणार, नाल बाबा काढणार. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "तिसरं माणूस लागेल." मी म्हटलं, तबेल्यातल्या मामांना सांगते. म्हणाले, "नको. तिच्या ओळखीचं हवं." पार घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "त्याला सांग, पट्टी बरोबर आहे." धाकट्या, त्यांच्याकडून याच्यापेक्षा जास्त येणार नाही, आणि मला वाटतं याच्यापेक्षा जास्त लागतही नाही. शुक्रवारी संध्याकाळची बस तुझ्याकडून निघते ती इथं पहाटे पोचते. मी स्टँडवर गाडी घेऊन उभी असेन; तू आलास तर तुला घेऊन, नाही आलास तर तशीच, तबेल्यावर जाईन. बाबा स्टँडवर येणार नाहीत. ते आधीच करडीपाशी जाऊन बसलेले असतील. डॉक्टर आठला येणार आहेत.

वाट पाहणारी,
तुझीच ताई